एक आकाश, दोन आज्ञा

पवनीच्या घाटावर संध्याकाळीं उभें राहिलें, म्हणजे वैनगंगेच्या पात्रावरून उंच जाणारें एकादें विमान दृष्टीस पडतें. पवनीच्या कोटाला तट आहे, खंदक आहे, वेस आहे. वरच्या वाटेला यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें वेशीचें काम नियमांना करावें लागतें, आणि ते नियम देशोदेशीं निराळे असले तर विमानानें कोणाचे पाळावेत, हा प्रश्न उभा राहतो.

पूर्वीं एका गांवची पायली दुसऱ्या गांवच्या पायलीशीं जुळत नसे. तेवढ्यानें फार तर दाण्यांचा तोटा होई. हवेंत नियम जुळले नाहींत तर काय होतें, याचा दाखला युरोपांत ता. १ जुलै २००२ च्या रात्रीं मिळाला. मास्कोहून बार्सिलोनाकडे निघालेल्या रशियन तुपोलेव्ह विमानांत ६९ माणसें होतीं. त्यांत बहुतेक शाळकरी मुलें. इटलींतील बेर्गामोहून ब्रसेल्सकडे जाणाऱ्या मालवाहू बोइंगमध्यें दोन वैमानिक होते. जर्मनींतील यूबरलिंगेन गांवाच्या माथ्यावर हीं दोन्हीं विमानें ३६,००० फुटांच्या एकाच उंचीवर एकमेकांच्या वाटेवर आलीं. जमीन जर्मनीची, पण तेथील आकाशावर देखरेख स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या नियंत्रकाची, आणि तोहि त्या घटकेला एकटाच.

नियंत्रकानें तुपोलेव्हला खालीं उतरण्यास सांगितलें. त्याच क्षणीं, टक्कर टाळण्यासाठीं विमानांत बसविलेल्या यंत्रानें तुपोलेव्हला वर जाण्याची आणि बोइंगला खालीं जाण्याची सूचना दिली. बोइंगच्या वैमानिकांनीं यंत्राचें ऐकलें, रशियन वैमानिकांनीं माणसाचें. दोघेहि खालीं गेले आणि ७१ जीव गेले. दोन आज्ञांपैकीं एक मोडल्यावांचून दुसरी पाळणें रशियन वैमानिकांना शक्यच नव्हतें. मग त्यांस बेशिस्त कसें म्हणावें?

जर्मन चौकशीचा अहवाल २००४ सालीं आला. झुरिचच्या व्यवस्थेंतील दोष त्यानें दाखविलेच. परंतु त्याचबरोबर त्या यंत्राविषयींचे आंतरराष्ट्रीय संस्थेचे, निरनिराळ्या राष्ट्रांचे आणि विमान कंपन्यांचे नियम एकसारखे नव्हते, अपुरे होते व कांहीं ठिकाणीं परस्परविरुद्ध होते, असेंहि त्यानें स्पष्ट नमूद केलें. पुढें यंत्राची सूचनाच श्रेष्ठ, मग नियंत्रक कांहींहि सांगो, असा निःसंदिग्ध नियम झाला.

युरोपीय राष्ट्रांच्या विमानखात्यांचें एक संयुक्त मंडळ १९७० पासून समान नियम तयार करीत असे. पण त्या नियमांना कायद्याचें बळ द्यावयाचें तें ज्या त्या राष्ट्रानें, आणि आपापल्या सवडीनें. ही उणीव भरून काढणारा युरोपीय संघाचा कायदा ता. १५ जुलै २००२ रोजीं, म्हणजे त्या अपघातानंतर अवघ्या चवदा दिवसांनीं झाला. अपघातामुळें तो झाला असें मात्र समजूं नये. त्याची तयारी पूर्वींपासून चालली होती. त्यांतून निर्माण झालेल्या कोलोनच्या विमान-सुरक्षा संस्थेकडे आधीं विमानांची रचना व दुरुस्ती आली, २००८ सालीं वैमानिकांचे परवाने व उड्डाणें आलीं. जेथें त्या रात्रीं गोंधळ झाला, तें नियंत्रण-खातें तिच्या कक्षेंत आणण्यास २००९ साल उजाडावें लागलें!

हिंदुस्थानला असा धडा आधींच मिळाला होता. ता. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसें मेलीं, आणि नंतर येथील सरकारनें तें यंत्र सक्तीचें केलें.

युरोपच्या समान नियमांची छाया आतां नागपुरापर्यंत पोंचली आहे. तेथें मिहानमध्यें २०१५ सालीं विमान-दुरुस्तीचा मोठा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांना लागू असणारा १४५ क्रमांकाचा आणि कारागिरांच्या परवान्यांचा ६६ क्रमांकाचा असे दोन्हीं भारतीय नियम युरोपच्या धर्तीवर रचलेले असून त्यांचे आंकडेसुद्धां तेच आहेत. पवनीचा एकादा तरुण हा परवाना मिळवूं पाहील, तर त्याला बहुतांशीं तोच अभ्यास करावा लागेल, जो जर्मनींतील तरुण करतो. मात्र तेवढ्या परवान्यावर त्याला युरोपांतील विमान उड्डाणास योग्य म्हणून सही करतां येत नाहीं; त्यासाठीं तिकडचा परवाना निराळा घ्यावा लागतो.