उड्डाणाआधीचे बारा तास

पहाटेच्या विमानाने आपण मुंबईहून नागपूरला किंवा दिल्लीला निघतो. आपण बॅगा तपासून घेत असतो, त्याच सुमारास त्या विमानाचे कॅप्टन, को-पायलट आणि केबिन क्रू यांचीही तपासणी चाललेली असते. ब्रेथ अ‍ॅनलायझरच्या नळीत श्वास फुंकायचा. कॅमेरा सुरू असतो. यंत्रावर शून्यच यावा लागतो. आपल्याकडे मोटार चालवणाऱ्याला १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत मद्यार्क असला तरी कायदा अडवत नाही. वैमानिकाला मात्र तेवढीही मुभा नाही.

भारतातला नियम स्पष्ट आहे. उड्डाणाआधी १२ तास मद्य घ्यायचे नाही, आणि १२ तास उलटून गेले तरी चाचणीत काहीही सापडता कामा नये. चाचणीत दोषी ठरल्यास पहिल्या वेळी लायसन्स ३ महिने निलंबित होते, दुसऱ्या वेळी ३ वर्षे आणि तिसऱ्या वेळी ते रद्दच होते. २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मद्यार्क असलेला माउथवॉश वापरण्यासही क्रूला मनाई केली. अमेरिकेत ही मुदत ८ तासांची आहे आणि रक्तातली मर्यादा ०.०४ टक्के. त्यामानाने आपला नियम कडक आहे, आणि तो तसाच राहायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

कारण मद्य शरीराबाहेर पडते ते आपल्या गतीने. यकृत १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने मद्यार्काची पातळी खाली आणते. मध्यरात्री ती २०० मिलिग्रॅम असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजताही ती शून्यावर आलेली नसते. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

आणि रक्त स्वच्छ झाले म्हणजे माणूस तयार झाला, असेही नाही. आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत एक द्रव असतो. डोके कुठे वळले, शरीर किती कलले, हे त्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला कळते. मद्य पाण्यापेक्षा हलके असते. ते या द्रवात आणि त्यातल्या नाजूक पडद्यात वेगवेगळ्या वेगाने शिरते, वेगवेगळ्या वेगाने बाहेर पडते, आणि तोल सांभाळणारी ही व्यवस्था रक्तातले मद्य संपल्यावरही काही तास बिघडलेली राहते. ढगात शिरलेल्या वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. धडधाकट माणसालाही तिथे कान फसवतात, म्हणून तर उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकवतात. तिथे आधीच बिघडलेला कान घेऊन कुणी जाऊ नये. १९८६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या १० वैमानिकांवर एक छोटा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. मद्यपानानंतर १४ तासांनी सिम्युलेटरवर बसवले असता त्यांची कामगिरी घसरलेली दिसली.

३ जानेवारी १९६१ रोजी फिनलंडमध्ये वासा शहराजवळ एक डीसी-३ विमान कोसळले. विमानातले सगळे २५ जण गेले. दोन्ही वैमानिक आदल्या रात्री उशिरापर्यंत पीत बसले होते, पुरेशी झोपही झालेली नव्हती. विमान सकाळचे होते. घात केला तो आदल्या रात्रीने.

आता मला दुसरी बाजू सांगायची आहे. मार्च १९९० मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे एक विमान फार्गोहून मिनिआपोलिसला सुखरूप उतरले आणि त्याच्या तिन्ही वैमानिकांना अटक झाली. तिघेही आदल्या रात्रीच्या मद्यपानानंतर कॉकपिटमध्ये बसले होते. कॅप्टन लायल प्राउझ यांना १६ महिन्यांची शिक्षा झाली, लायसन्स गेले. ते तुरुंगात गेले, व्यसनमुक्त झाले, सगळ्या परीक्षा पहिल्यापासून पुन्हा दिल्या आणि त्याच कंपनीतून जंबो जेटचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. शिक्षा पूर्ण झाली आणि परतीची वाटही मिळाली. वैमानिकांची संघटना, कंपन्या आणि सरकारी यंत्रणा यांनी मिळून उभारलेला उपचार आणि देखरेखीचा एक कार्यक्रम त्या देशात १९७० च्या दशकापासून चालू आहे.

व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हेच सांगत आले आहे. मग वैमानिकाच्या बाबतीत आपण ते का विसरावे? सापडलो तर नोकरी जाईल, आणि स्वतःहून सांगितले तरी जाईल, असे ज्याला वाटते तो लपवत राहतो. घरचे लपवतात, सहकारीही सांभाळून घेतात. यंत्र त्याला एखाद्या सकाळी पकडेल, पण तोवर किती सकाळी निघून गेलेल्या असतील! म्हणून ‘मला मदत हवी आहे’ असे वेळेवर सांगणाऱ्याला उपचार मिळाले पाहिजेत, आणि बरा होऊन, कसून पारखून घेतल्यानंतर कामावर परतण्याची खात्रीही. ही सूट नव्हे. प्रवाशांच्या जिवाचे हे संरक्षणच आहे.

श्रोतेहो, यात आपलाही वाटा आहे. लग्नात, पार्टीत एखादा वैमानिक मित्र ‘उद्या ड्युटी आहे’ म्हणाला, की त्याला आग्रह करू नका. ‘एकाने काय होतंय’ हे वाक्य त्याच्यापुढे उच्चारूच नका. आणि क्रू बदलावा लागल्यामुळे विमान तासभर उशिरा सुटले, तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. कुणीतरी नियम पाळला म्हणून तो उशीर झालेला असू शकतो. कडक चाचणी आणि उपचाराची खुली वाट या दोन्ही गोष्टी एकत्र मागण्याचा हक्क प्रत्येक प्रवाशाला आहे. तो आपण बजावूया.