फिलिपीन्समधील हायस्कूलचे विद्यार्थी : शीलगुण आणि मनःस्वास्थ्य



फिलिपीन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तेथील शालेय शिक्षण पूर्वी दहाच वर्षांचे असे; सहा वर्षे प्राथमिक आणि चार वर्षे हायस्कूल. २०१३ च्या कायद्याने त्यात अकरावी व बारावीची भर पडली आणि २०१६ पासून अकरावीचे वर्ग भरू लागले. आज तेथील मूल बारा-तेराव्या वर्षी सातवीत, म्हणजे हायस्कुलात, प्रवेश करते व सहा वर्षे तेथेच वाढते. या वयात त्याच्या अंगी कोणते गुण बाणतात आणि त्यांचा त्याच्या समाधानाशी काय संबंध असतो, हा विचार केवळ मानसशास्त्रज्ञांनी करावयाचा नव्हे.

मानसशास्त्राने दीर्घकाळ मनाच्या विकारांचीच मोजदाद केली. २००४ साली क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या अमेरिकन पंडितांनी उलट बाजूने आरंभ करून चोवीस शीलगुणांची मांडणी केली आणि शहाणपण, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम व उदात्तता अशा सहा वर्गांत त्यांची विभागणी केली. पुढे नानसूक पार्क यांनी पीटरसन यांच्या सहकार्याने कुमारवयीन मुलांचा अभ्यास केला. आशा, प्रेम, कृतज्ञता आणि उमेद हे गुण समाधानाच्या सर्वांत निकट आढळले. विद्येची आवड त्या मानाने दूर राहिली. शिक्षकाला हे थोडे टोचेल खरे! परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीने दुसरी घडविली असे ठरत नाही. सुखी मुलाला आशा सहज वाटते, हेही तितकेच संभवनीय आहे.

ही यादी भाषांतर करून फिलिपिनो मुलापुढे ठेवली की काम झाले काय? व्हर्जिलिओ एन्रिकेझ यांना तसे वाटत नव्हते. १९७५ साली त्यांनी फिलिपिनो मानसशास्त्राची राष्ट्रीय संघटना उभारली आणि लोकांच्या बोलीतील शब्दांतूनच त्यांच्या मनाचा शोध घ्यावा, असा आग्रह धरला. त्यांनी मध्यवर्ती मानलेला शब्द ‘काप्वा’ हा होय. समोरचा माणूस परका नसून आपल्याच अस्तित्वाचा वाटेकरी आहे, असा त्याचा आशय. बांबूचे अख्खे घर शेजाऱ्यांनी खांद्यावर उचलून दुसरीकडे नेण्याची जी ‘बायानिहान’ नावाची चाल त्या देशात प्रसिद्ध आहे, तीत हाच भाव दिसतो.

कृतज्ञतेचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या जवळचा तेथील शब्द ‘उतांग ना लोओब’, म्हणजे अंतरीचे ऋण. हे ऋण माणसांना बांधून ठेवते, पण ते कधी गळ्याशीही येते. तेथील लक्षावधी माणसे सौदी अरेबिया, हाँगकाँग अशा ठिकाणी रोजगारासाठी जातात. त्यांत आयाही असतात. मूल आजीपाशी राहते. आईने पाठविलेल्या पैशावर शाळा चालते. अशा मुलाला ‘तू कृतज्ञ आहेस काय?’ असे विचारले तर ते होकार देईल आणि तो होकार खोटाही नसेल. परंतु आई जवळ हवी होती, हे बोलणे त्याला कृतघ्नपणाचे वाटण्याचा संभव असतो. त्यात ‘हिया’, म्हणजे लोकलज्जा, तोंडाला कुलूप घालते. प्रश्नावलीत ज्याची कृतज्ञता भरून वाहते, त्याच मुलाचे दुःख अशा रीतीने नजरेआड होऊ शकते. गुणांची मोजदाद करणाऱ्याने येथे फार जपून चालावे.

दुसरी गोष्ट याहून कठोर आहे. २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षे वयाच्या फिलिपिनो विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६५ टक्के मुलांनी, महिन्यातून निदान काही वेळा सोबत्यांकडून छळ होतो, असे सांगितले. सहभागी देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. शाळांतील छळाविरुद्धचा कायदा तर २०१३ सालीच झाला होता. ज्या समाजाने ‘काप्वा’ हा शब्द घडविला त्याच समाजातील ही स्थिती आहे. छळ सोसणाऱ्या मुलाला धैर्याचा पाठ देणे सोपे. वर्गातील छळ थांबविणे हे मोठ्यांचे काम असून ते मुलाच्या शीलावर ढकलणे अन्यायाचे होय.

तेथील अभ्यासक्रमात नीतिशिक्षणाच्या विषयाला ‘एदुकास्योन सा पाग्पापाकाताओ’ असे नाव होते. माणूस होण्याचे शिक्षण, हा त्याचा अर्थ. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या अभ्यासक्रमात सातवी ते दहावीसाठी तो मूल्यशिक्षण म्हणून ओळखला जातो. जुने नाव अधिक अर्थपूर्ण होते. तासिकेपलीकडचा भार मात्र वर्गशिक्षकावरच पडतो. गैरहजर मुलाच्या घरी जाणे, आजीशी बोलणे, अबोल झालेल्या मुलाकडे लक्ष ठेवणे, ही कामे तोच करतो. समुपदेशकासाठी २००४ च्या कायद्याने पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरविली; वेतन बेताचे, तेव्हा अनेक जागा रिकाम्या राहिल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शालेय मनःस्वास्थ्याचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात शाळांमध्ये साहाय्यकेंद्रे आणि समुपदेशकांच्या हाताखाली साहाय्यकांची पदे निर्माण करण्याची तरतूद आहे.