तुळईखालचा भुसा

निलंग्याच्या नीळकंठेश्वराला हात जोडून आज घरचीच गोष्ट सांगतो.

आमचं घर माळवदाचं. सागवानी खांब, वर तुळया, त्यावर मातीचा थर. एका पावसाळ्यात रोज सकाळी तुळईखाली चिमूट-चिमूट भुसा पडलेला दिसू लागला. आमची मंडळी म्हणाली, "अहो, मुंगळे तुळई खायलेत!" किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तेव्हापासून आपल्या मुलखात तुळई करकरली तरी माणूस अंगणात पळतो. मी घाबरलो आणि रॉकेल ओतलं. शेकड्यानं मेले. झाडून काढलं, आंघोळ केली आणि हरिपाठाला बसलो. हसू नका, तुम्हीही ओतलं असेल.

मग सुतार आला. पटाशीनं टोकरून म्हणाला, "महाराज, वाळवी लाकूड खाते. मुंगळा खात नाही. तो पोखरून राहायला जागा करतो आन् भुसा बाहेर आणून टाकतो. भिजून कुजलेलं लाकूड त्याला सोपं. माळवद गळतंय तुमचं."

गळतच होतं! दोन वर्षं माती टाकायची राहिली होती. सप्ते, कीर्तनं, सवड कुठली? मुंगळ्यांनी रोज दारात निरोप टाकला आणि मी निरोप्यालाच मारलं.

मुक्ताबाईंच्या मुंगीवर आम्ही दोन-दोन तास बोलतो, पण या मुंगीकडं कधी वाकून बघितलं नव्हतं. मुंगीला पंख फुटले म्हणजे मरण आलं, असं आपण म्हणतो. नराचं तसं होतं खरं. राणीचं ऐका. एकदाच उडते, खाली उतरते आणि आपले पंख आपणच मोडून टाकते. एखाद्या फटीत शिरून अंडी घालते. पहिली लेकरं कामाला लागेपर्यंत बाहेर पडत नाही, अन्नाचा कण नाही. ज्या मांसाच्या बळावर पंख हलत होते, ते तिच्या अंगातच विरघळतं. त्यावर ती जगते आणि लेकरांनाही तेच भरवते. आता सांगा माउली, कोणाच्या घरावर मी रॉकेल ओतलं होतं?

आधी माळवदावर माती टाकली, मग तुळई बदलली. जुनी तुळई सुतारानं चुलीला मागितली. दिली नाही. परसात कडुलिंबाखाली पडली आहे. औंदा तिच्या टोकाशी परत भुसा दिसतोय.