कंगवा, धुराडे आणि स्थिर विद्युत



कोरड्या केसांतून फिरविलेला प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा प्रयोग आपल्यापैकी शिक्षकांनी वर्गात कितीदा तरी करून दाखविला असेल. पावसाळ्यात तो फसतो, कारण दमट हवेत विद्युतभार टिकत नाही. याचा व्यवहारात उपयोग काय, असे एखाद्या चौकस मुलाने विचारल्यास प्रथम सातबाऱ्याची झेरॉक्स दाखवावी. तिच्यातील काळी भुकटी कागदावर येते ती विद्युतभाराच्या आकर्षणानेच. मग उष्णतेने ती पक्की होते. त्यानंतर कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराड्याकडे बोट दाखवावे. माझा आजचा विषय मुख्यतः तो आहे.

आपल्या कोळशात राख फार. शंभर किलो कोळशातून तीस-चाळीस किलो राख निघणे नित्याचेच. तिचा सुमारे चार-पंचमांश भाग पिठासारखा बारीक असून धुराबरोबर वर जातो. हा धूर धुराड्यात शिरण्यापूर्वी उंच पोलादी पत्र्यांच्या रांगांमधून नेतात. पत्र्यांच्या मधोमध तारा टांगलेल्या असतात व त्यांना हजारो व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. तारांभोवतीचा वायू आयनित होतो, राखेच्या कणांना ऋणभार मिळतो आणि ते जमिनीशी जोडलेल्या पत्र्यांना जाऊन चिकटतात. ठराविक वेळाने पत्र्यांवर हातोडे आपटतात व राखेचा थर खालच्या नरसाळ्यात पडतो. केंद्रातील कामगार या यंत्रणेला ‘ईएसपी’ म्हणतात.

ब्रिटनमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी एकोणिसाव्या शतकातच असा प्रयत्न केला होता. परंतु पुरेसा दाब सातत्याने देणारे साधन तेव्हा नव्हते. कॅलिफोर्नियातील फ्रेडरिक कॉट्रेल यांना १९०७ च्या सुमारास यश आले, तेही राखेवर नव्हे, गंधकाम्लाच्या धुक्यावर. पेटंटांचे उत्पन्न स्वतः न घेता त्यांनी ते विज्ञान-संशोधनासाठी १९१२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेस दिले. असे संशोधक विरळाच.

आता थोडे गणित. एक टन कोळशातून ३२० किलो राख धुरात गेली असे धरा. यंत्रणेने ९९ टक्के राख अडविली, तर ३.२ किलो बाहेर पडते, ९९.९ टक्के अडविली, तर केवळ ३२० ग्रॅम. कागदावर हा फरक एका टक्क्याहूनही कमी, पण शेजारच्या गावातील पिकांवर, विहिरीवर व फुप्फुसांत बसणारी राख दसपट! त्यातही आपल्या कोळशात गंधक कमी असल्याने राखेतून वीज सहजी वाहत नाही. म्हणून यंत्रणा मोठी लागते आणि तिचा एखादा विभाग बंद पडला, तरी धूर काळवंडतो.

म्हणून केंद्रालगतच्या पंचायत सदस्यांनी ‘यंत्रणा बसविली आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. तिचे किती विभाग चालू आहेत, हातोडे नीट चालतात का, धुराड्यातील धूलिकणांची नोंद काय सांगते, हे विचारावे. केंद्र शासनाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने धूलिकणांची मर्यादा संचाच्या वयानुसार घनमीटरला १००, ५० व ३० मिलिग्रॅम अशी ठरविली आहे. आपल्या गावाजवळचा संच यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे प्रथम पाहून घ्यावे.