वडगावची माघार : यश की अपयश?
(मलाजखंड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

विजयाचा हिशेब मांडणे सोपे असते. मैदान कोणाकडे राहिले एवढे पाहिले की पुष्कळसा निकाल लागतो. माघारीचे तसे नाही. १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाख अडतीस हजारांवर सैनिक इंग्लंडात सुखरूप उतरले, तेव्हा देशभर आनंद झाला. पण अशा सुटकांनी युद्धे जिंकली जात नाहीत, असे चर्चिल यांना पार्लमेंटात सांगावे लागले. मराठी मनाला तर हा पेच फार जुना आहे. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले. ती माघारच होती, आणि तिला पराभव म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही. मग माघार फसली की साधली, हे ठरवायचे तरी कशावरून? १७७९ च्या जानेवारीत तळेगाव-वडगावच्या माळावर घडलेले प्रकरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावास पेशवाईच्या गादीवर बसविण्याचा बेत केला आणि १७७८ च्या नोव्हेंबरात सुमारे चार हजारांची फौज पुण्याकडे काढली. सेनापती कर्नल एजर्टन. पण त्याच्या डोक्यावर जॉन कार्नाक प्रभृतींची एक समिती. लढाई समितीने चालवावी ही कल्पनाच मुळात विलक्षण! बरोबर एकोणीस हजार बैल. बोरघाट चढून आल्यावर ही मिरवणूक दिवसाकाठी जेमतेम मैलभर सरके. मराठी स्वार समोर ठाकून लढत नसत. बाजूंनी टोचीत, रसद तोडीत. ४ जानेवारीस कार्ल्यापाशी कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठ्यांनी त्याच्या शौर्यावरून त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले, आणि वडगावात त्याचे थडगे आजही दाखवितात. शत्रूचे नाव असे प्रेमाने जपणारा समाज विरळाच.

९ तारखेस फौज तळेगावी पोचली, तो गाव ओस आणि जाळून टाकलेले. वेळ पडल्यास पुणेही जाळू, अशी नाना फडणविसांची तयारी असल्याची वार्ता छावणीत आली. एजर्टन आजारी पडला होता. सूत्रे कर्नल कॉकबर्नकडे गेली होती. पुणे अठरा मैलांवर, गाठीशी अडीच आठवड्यांचा शिधा. तरीही समितीचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटण्यात आल्या, सामान जाळण्यात आले आणि फौज गुपचूप मागे वळली. त्या काळच्या मैदानी तोफा बहुधा तांबे व कथील यांच्या ओतीव मिश्रधातूच्या असत. तांब्याच्या खाणीवर उभ्या असलेल्या मलाजखंडास त्या तळ्यात किती मोलाचा धातू बुडाला असेल, हे निराळे सांगावयास नको.

गुप्तता कसली राहते! पहाटेपूर्वीच महादजी शिंद्यांचे स्वार पिछाडीवर तुटून पडले. पिछाडी कॅप्टन हार्टलेकडे होती आणि तिनेच १२ तारखेचा सारा दिवस तोलून धरला. फौज कशीबशी वडगावात शिरली. साडेतीनशेच्या सुमारास माणसे कामी आली, जखमी झाली वा हरवली. दुसऱ्या दिवशी गावावर तोफा सुरू झाल्या. लढत बाहेर पडता येईल, असे हार्टलेचे म्हणणे होते. वरिष्ठांनी ते मानले नाही. बोलणी सुरू झाली. तह करण्याचा आपणांस अधिकार नाही, असे इंग्रज वकिलाने सांगताच, मग कर्नल अपटनने केलेला पुरंदरचा तह कोणत्या अधिकाराने मोडला, असे महादजींनी विचारल्याचे नमूद आहे. १६ जानेवारीस तह झाला. साष्टीसह १७७३ पासून घेतलेला मुलूख परत द्यावा, बंगालहून येणारी फौज माघारी पाठवावी, अशी कलमे ठरली. राघोबा शिंद्यांच्या हाती गेला. दोन इंग्रज ओलीस राहिले आणि उरलेली फौज मुंबईस सुखरूप पोचविण्यात आली.

एवढ्यावर निकाल द्यावयाचा तर ही माघार पुरती फसली. कंपनीनेही तसेच मानले; कार्नाक, एजर्टन व कॉकबर्न तिघेही बडतर्फ झाले. परंतु आणखी दोन वर्षांनी याच घाटात काय घडले ते पाहावे. १७८१ च्या एप्रिलात जनरल गॉडर्ड खंडाळ्याहून पनवेलीस मागे हटला. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन, तुकोजी होळकर यांनी त्याला तीन दिवस झोडपून काढले. त्याची साडेचारशेहून अधिक माणसे गेली वा जायबंदी झाली, म्हणजे वडगावच्या माघारीहून जास्त. पण गॉडर्डवर बडतर्फीची पाळी आली नाही. कारण त्याला कोठे सही करावी लागली नाही. माणसांची मोजदाद हे माघारीचे माप नव्हे, ते यावरून उघड व्हावे.

आणि मराठ्यांच्या बाजूने? येथे विजयाची वही जरा उलटी धरून वाचावी लागते. हाती आलेली फौज त्यांनी एका कागदावर सोडली. त्या युगाच्या रीतीप्रमाणे हे चुकीचे नव्हते. सापडलेले सैन्य कापून काढण्यापेक्षा तह पदरात पाडणे हे शहाणपणच गणले जाई. मात्र कार्नाकने सही केली तीच पाळावयाची नाही अशा हिशेबाने, आणि मुंबई व कलकत्ता दोन्ही सरकारांनी तह झिडकारला. परत पाठवावयाची फौज म्हणजे याच गॉडर्डची. नर्मदाकाठी होशंगाबादेस तळ देऊन तो नागपूरकर मुधोजी भोसल्यांशी बोलणी करीत बसला होता; ज्या भोसल्यांची सत्ता या बालाघाटाकडील लांजीपर्यंत नांदली, तेच हे घराणे. वडगावची बातमी बऱ्हाणपुरास लागताच तो माघारी न वळता तडक निघाला आणि फेब्रुवारीअखेर सुरतेस पोचला. राघोबाही त्याच वर्षी वाटेतून निसटून त्याला मिळाला. पुढच्या साली गॉडर्डने अहमदाबाद घेतले, डिसेंबरात वसई घेतली. वसई पडली त्याच सुमारास दुगाडच्या लढाईत रामचंद्र गणेश हा नामांकित मराठा सरदार पडला. समोरच्या इंग्रज फौजेचा नायक होता हार्टले. वडगावाहून जिवंत परतू दिलेला तोच हार्टले.

म्हणून वडगावास माघार घेणारे हरले यात संशय नाही, पण माघार घेतलेली फौज वाया गेली नाही. समितीचा नामुष्कीचा निर्णय आणि पिछाडीने वाचविलेले सैन्य या दोन गोष्टी एकाच वहीत, पण वेगवेगळ्या खात्यांवर मांडल्या पाहिजेत. पाठ्यपुस्तके त्या एकत्र करून मोकळी होतात. महादजींचे श्रेय यामुळे तसूभरही उणे होत नाही. कोंडी त्यांची होती, आणि ती अचूक होती. उणीव राहिली ती कोंडीनंतरच्या दिवसांत, तहाची अंमलबजावणी होईपर्यंत दाबून धरण्याजोगे काही हाती न ठेवण्यात. ओलीस ठेवलेले दोन अधिकारी हा त्यासाठी फार हलका तारण होता.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई पेशव्यांकडे परत आली. वडगावास कागदावर परत मिळालेली साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.