जुन्या वास्तूंची दाद कोणी मागावी?



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोते काव्यशास्त्रविनोदाची अपेक्षा करतात, आणि असोद्यात बोलावयाचे म्हटले म्हणजे ती अपेक्षा बहिणाबाईंपाशी येऊन थांबते. आम्ही मात्र नोटीस, हरकत, सुनावणी, अपील असले रुक्ष शब्द घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. नगरपालिका किंवा महानगरपालिका जुन्या वास्तूंविषयी जे निर्णय करते, ते पटले नाहीत तर दाद कोणी, कोठे आणि केव्हा मागावयाची, हा आमचा विषय. असोद्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्याचे उत्तर बहिणाबाईंच्याच चरित्रात आहे.

बहिणाबाई ह्या गावच्या लेक. २४ ऑगस्ट १८८० रोजी येथे महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरीवाड्यात गेल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावीच त्यांनी देह ठेवला. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्यांना जे सुचे त्यांतले पुत्र सोपानदेव आणि मावसबंधू पीतांबर चौधरी ह्यांनी जेवढे वेळेवर उतरून घेतले, तेवढेच आज आपल्या हाती आहे. १९५२ साली आचार्य अत्रे ह्यांच्या पुढाकाराने ते पुस्तकरूपाने निघाले. जे कागदावर आले नाही ते वाऱ्याबरोबर गेले, आणि ते किती होते ह्याचा हिशेब आता कोणीही देऊ शकणार नाही.

घरांचेही असेच आहे. ज्याची नोंद वेळेवर झाली ते राहण्याचा काही संभव असतो. ज्याची नोंद नाही, ते पडले म्हणजे चार दिवस हळहळ होते आणि पाचव्या दिवशी तेथे पाया खणला जातो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्याकडे जुन्या वास्तूंना संरक्षण देण्याच्या दोन निरनिराळ्या रीती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली रीत पुरातत्त्वाची. चाळीसगावजवळ पाटणचे प्राचीन मंदिर आहे. अशा वास्तूंसाठी केंद्राचा १९५८ चा कायदा आहे आणि राज्याचाही स्वतंत्र कायदा आहे. तेथे सहसा कोणी राहात नाही; पहारेकरी असतो, निळी पाटी असते. दुसरी रीत नगररचनेची. तिच्यात येणारे वाडे, चाळी, शाळा, वाचनालये, बाजाराच्या इमारती ह्या चालत्याबोलत्या वास्तू असतात. त्यांत माणसे राहतात, भाडेकरू भांडतात, पावसाळ्यात छत गळते आणि भावाभावांत वाटण्या होतात. अशा वास्तूंची यादी शहराने करावयाची, त्यांच्या श्रेणी लावावयाच्या, आणि त्यांत फेरफार करण्यापूर्वी तज्ज्ञांच्या समितीचा विचार घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था आहे.

महाराष्ट्रात हिचा आरंभ मुंबईत झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ वा नियम १९९५ साली मंजूर झाला आणि सहाशेहून अधिक वास्तूंची यादी अमलात आली. वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या. वारसा संवर्धन समिती नेमली गेली. आयुक्ताने तिच्या सल्ल्याने चालावे. सल्ला डावलणे त्याला अपवाद म्हणूनच शक्य होते, आणि तेही कारणे लेखी नोंदवून. हे 'कारणे लेखी नोंदवून' शब्द आपण लक्षात ठेवावेत; पुढे त्यांचे काम पडणार आहे. आज मुंबईबाहेरच्या बहुतेक महाराष्ट्रासाठी २०२० साली मंजूर झालेली एकत्रित नियमावली आहे आणि तिच्यातही वारसा वास्तूंचे प्रकरण आहे. म्हणजे नियम नाही, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

आता अपिलाकडे वळू. समजा, यादीतल्या एखाद्या वाड्याच्या मालकाने वाडा पाडून इमारत बांधण्याची परवानगी मागितली आणि महानगरपालिकेने ती नाकारली, किंवा पुढची भिंत व ओसरी तशीच ठेवावी अशी अट घातली. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या ४७ व्या कलमान्वये त्याला राज्य सरकारकडे अपील करता येते. मुदत चाळीस दिवसांची. सरकार त्याचे म्हणणे ऐकून घेते आणि अपील मान्य करते किंवा फेटाळते.

उलट समजा की महानगरपालिकेने परवानगी देऊन टाकली. शेजारच्या शिक्षकाला, गल्लीतल्या वाचनालयाला, इतिहासाच्या अभ्यासकाला वाटते की हा घोर अन्याय झाला. ह्या कलमान्वये त्यांना अपील करता येते काय? येत नाही. कलमात अपिलाचा हक्क आहे तो अर्जदाराला, आणि अर्जदार म्हणजे ज्याने बांधकामाची परवानगी मागितली तो. पाडू इच्छिणाऱ्याला अपिलाचा दरवाजा आहे, राखू इच्छिणाऱ्याला नाही. ह्यात कोणाचा कुटिल हेतू असेल असे आम्ही मानीत नाही. ज्याच्या मालमत्तेवर बंधन येते त्याला दाद मागता यावी हा न्यायाचा जुना संकेत आहे, आणि इंग्लंडातही नकाराविरुद्ध अपील करणारा अर्जदारच असतो. परंतु परिणाम काय होतो तो आपण नीट पाहिला पाहिजे.

मालकाला खलनायक करून टाकण्याची घाई मात्र आम्ही करणार नाही. २०१२ साली मुंबईत सुमारे साडेनऊशे वास्तूंची व परिसरांची नवी यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा शिवाजी पार्क आणि दादर भागांतून हरकतींचा पाऊस पडला. हरकत घेणारे काही इतिहासाचे शत्रू नव्हते. मध्यमवर्गीय, वाचणारी, नाटकाला जाणारी माणसे ती. त्यांचा प्रश्न साधा होता: आमचे घर यादीत घालून तुम्ही आम्हांला मान दिलात खरा, पण जिना मोडला तर तो दुरुस्त करण्याचा पैसा कोण देणार? ह्या प्रश्नाला उत्तर नसेल तर यादी ही मालकाला शिक्षा ठरते. आणि शिक्षा झालेला माणूस काय करतो? तो अपीलही करीत नाही. तो कौल शाकारीत नाही, पन्हळ बदलीत नाही, आणि पावसाला आपले काम करू देतो. दोन पावसाळ्यांनी 'धोकादायक इमारत' अशी नोटीस येते आणि वारशाचा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

ह्यावर उपाय नाही असे नाही. न्यूयॉर्क शहरात पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत १९६३ पासून पाडली गेली. त्या धक्क्यातून १९६५ साली तेथे वास्तुसंरक्षणाचा कायदा झाला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर पन्नासहून अधिक मजल्यांची इमारत चढविण्याची परवानगी मालक रेल्वे कंपनीने मागितली, ती नाकारली गेली, आणि हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ साली निकाल शहराच्या बाजूने लागला. त्या निकालात एका मुद्द्याला वजन मिळाले: मालकाला त्या जागेवर बांधता येत नसले तरी तो बांधकामाचा हक्क जवळपासच्या आपल्या दुसऱ्या जागांवर वापरण्याची सोय शहराने ठेवली होती. मुंबईच्या १९९५ च्या नियमातही हस्तांतरणीय विकास हक्काची अशीच तरतूद होती. एका हाताने बंधन घालावयाचे तर दुसऱ्या हाताने भरपाई द्यावयाची, हा त्यामागचा न्याय. तो पाळला तर अपिले कमी होतील आणि जी होतील ती टिकणार नाहीत.

आता नागरिकाचा विचार करू. त्याला अपील नसले तरी घटनेच्या २२६ व्या कलमान्वये उच्च न्यायालयाचा दरवाजा आहे. पण तेथे काय पाहिले जाते हे ठाऊक नसल्याने पुष्कळ चांगली माणसे हात हालवीत परत येतात. वाडा सुंदर आहे की नाही, हे न्यायालय सहसा ठरवीत नाही. निर्णय कोणत्या रीतीने झाला हे ते पाहते. समितीचा सल्ला घेतला काय? हरकती ऐकल्या काय? सल्ला डावलला असेल तर कारणे लेखी नोंदविली काय? हैदराबादेत इर्रम मंझिल ही जुनी हवेली पाडून तेथे नवे विधानभवन बांधण्याचे तेलंगणाच्या मंत्रिमंडळाने ठरविले होते. नागरिक न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सरकारपेक्षा नागरिकांचे सौंदर्यज्ञान अधिक होते म्हणून हे झाले नाही. ज्या गोष्टींचा विचार करणे सरकारला भाग होते तो त्याने केला नव्हता, म्हणून झाले.

ह्यातून जो धडा निघतो तोच आमच्या व्याख्यानाचा गाभा आहे. नागरिकाचे खरे अपील निर्णयानंतर सुरू होत नाही, ते निर्णयापूर्वी सुरू होते. यादीचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा, विकास आराखड्यावर हरकती मागवितात तेव्हा, एखादी वास्तू यादीतून वगळण्याची सूचना निघते तेव्हा. मंजूर आराखड्यात ३७ व्या कलमाखाली फेरबदल करावयाचा असला तरी नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, आणि त्यासाठी एक महिना असतो. त्या महिन्यात ज्याने लेखी हरकत दिली आणि तिची पोच घेतली, त्याच्या हातात पुढे न्यायालयात दाखविण्यास काही असते. ज्याने कट्ट्यावर बसून केवळ संताप केला त्याच्या हातात काही नसते. संतापाला मुदत नाही, पण हरकतीला आहे.

आणि न्यायालयात जिंकले म्हणजे वास्तू वाचली, असेही समजू नये. पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. तेथे राष्ट्रीय स्मारक करण्याचा ठराव पुणे महानगरपालिकेने २००६ साली केला. त्याविरुद्ध मालक आणि भाडेकरू न्यायालयात गेले; त्यांचीही पोटापाण्याची दुकाने तेथे होती. वर्षांमागून वर्षे गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबरमध्ये ताबा मिळाला, आणि ताबा मिळाला त्याच रात्री मोडकळीस आलेला तो वाडा स्मारकासाठी पाडण्यात आला. जागा मिळाली, हे खरेच. ती मिळणे आवश्यक होते. परंतु ज्या भिंतींनी मुलींची पहिली बाराखडी ऐकली त्या मात्र राहिल्या नाहीत. खटला तारखेगणिक पुढे जातो, भिंत पावसागणिक खचते, आणि भिंतीला कोणी स्थगिती देऊ शकत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. जळगावच्या जुन्या गावातील चौधरीवाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण एका वाड्याने गाव होत नाही. जळगावची नगरपालिका २००३ साली महानगरपालिका झाली. शहर चोहोंकडे पसरते आहे आणि असोदा त्याच्या हाकेच्या अंतरावर आहे. आज येथे जी धाब्याची घरे, लाकडी खांबांचे ओटे आणि जुन्या विहिरी उभ्या आहेत, त्यांच्याविषयीचे निर्णय उद्या कोणाच्या तरी टेबलावर येतील. त्या वेळी 'आम्हांला कोणी विचारले नाही' असे म्हणण्याची पाळी येऊ द्यावयाची नसेल, तर आजच थोडे काम केले पाहिजे.

ते काम फार मोठे नाही. गावातल्या तरुणांनी घरोघर जाऊन जुन्या वास्तूंची एक वही करावी: घर कोणाचे, किती खणांचे, कशाचे, त्यात काय घडले. मालकाच्या संमतीने छायाचित्रे घ्यावीत. घर राखण्यास त्याला काय अडचण आहे तेही त्याच वहीत लिहावे, कारण उद्या मदत मागताना तेच पान प्रथम उघडावे लागेल. ती वही ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करावा आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे व नगररचना कार्यालयाकडे पाठवून पोच घ्यावी. शहरातल्या मंडळींनी महानगरपालिकेकडे विचारणा करावी की आपली वारसा यादी कोठे आहे. उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहे. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर तेथे अपील करता येते, आणि हे अपील मालकाइतकेच तुमचेही आहे.

कायद्यात सुधारणाही मागितली पाहिजे. यादीतल्या वास्तूविषयी ज्याने मुदतीत लेखी हरकत दिली असेल, त्याला निर्णयाची प्रत मिळावी आणि त्याविरुद्ध अपिलाचा हक्क असावा, एवढीच आमची मागणी आहे. रस्त्यावरच्या कोणीही उठून प्रत्येक बांधकाम अडवावे असे आम्ही म्हणत नाही. ज्याने वेळेवर तोंड उघडले त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, इतकेच.

श्रोतेहो, हा चैत्र-वैशाखाचा काळ. धाब्याच्या घराचा धनी ह्याच दिवसांत छतावर चढतो, भेगा पाहतो, माती चोपून बसवितो. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर वर चढून उपयोग नसतो हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. जुन्या वास्तूंच्या बाबतीत तेवढेच शहाणपण आपण सर्वांनी दाखवावे. वही उद्याच सुरू होऊ शकते, आणि तिचे पहिले पान असोद्याचे असावे अशी आमची इच्छा आहे.