दूरच्या कामांशी संपर्क
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील कितीतरी तरुण आज स्थापत्य, वीज आणि लहानमोठी कंत्राटे या व्यवसायांत आहेत. त्यांची बरीच कामे घाटातील रस्त्यांवर, कालव्यांवर आणि डोंगरमाथ्यांवर चालतात. तेथे फायबरची तार क्वचितच पोहोचते आणि चार महिन्यांच्या कामासाठी ती ओढून घेणे परवडतही नाही. सबब मोबाईलच्या जाळ्यावरून इंटरनेट घेणे हाच मार्ग उरतो. त्याविषयी दोन शब्द सांगावेत, ही चिटणीसांची आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानतो.

भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीस झाले. तेव्हा हे साधन थोड्यांचाच विलास होता. आज हजेरीपट, मोजमापे, नकाशे सारे त्याच वाटेने जाते-येते. हजेरीपट वेळेवर न पोहोचल्यास मजुरांची मजुरी अडते. कोणी जखमी झाला आणि निरोप गेला नाही तर प्राणाशी गाठ पडते. म्हणून आमचे सांगणे एकच आहे: संपर्क तुटणार हे गृहीत धरूनच तो उभारावा.

प्रथम जागेचा विचार. पत्र्याची खोली लहरी अडवते. म्हणून अँटेना बाहेर, उंच खांबावर, टॉवरच्या रोखाने असावी. परंतु अँटेनाची तार लांबली की लहरींचे बळ त्या तारेतच खर्ची पडते. यास्तव राऊटरच पाणी न शिरणाऱ्या पेटीत घालून अँटेनाजवळ बसवावा व तेथून खाली नेटवर्कची केबल आणावी. ती शंभर मीटरपर्यंत नीट चालते आणि योग्य उपकरण असल्यास तिच्यातूनच राऊटरला वीजही देता येते. बाजारी बूस्टरच्या मोहात मात्र पडू नये. परवान्यावाचून तो लावणे बेकायदेशीर आहे आणि त्याने इतरांच्याही संपर्कात विघ्न येते.

दुसरे, सिमकार्डे दोन कंपन्यांची असावीत. तथापि पुष्कळदा दोन्ही कंपन्यांची यंत्रे एकाच टॉवरवर असतात. तो बंद पडला की दोन्ही सिमकार्डे एकदमच निकामी होतात. म्हणून आधी जागेवर जाऊन दोहोंची परीक्षा करावी. राऊटरसाठी बॅटरी व सौर पट्टी ठेवावी, कारण पावसाळ्यात वीज प्रथम जाते.

तिसरे, कचेरीत बसून कामावरील कॅमेरा पाहू गेल्यास बहुधा निराशा होते. मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांस एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. बाहेरून आलेली हाक नेमकी कोणास द्यावी, हे जाळ्यास कळत नाही. उपाय असा, की कामावरील राऊटरनेच कचेरीकडे व्हीपीएनचा सुरक्षित मार्ग उघडावा. मग त्यावरून दोन्ही बाजूंनी ये-जा होते. राऊटरचा मूळ पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावा.

इतके करूनही संपर्क तुटेल. म्हणून प्रत्येक नोंद प्रथम जागेवरच साठवावी व जोडणी परतताच पाठवावी. हजेरीची कागदी वही मोडीत काढू नये. फोन कोणत्या वळणावर लागतो आणि जखमीस कोणत्या वाहनाने न्यावयाचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून सर्वांस सांगून ठेवावे.

शेवटी एक विनंती. मजुरांचीही घरेदारे दूर असतात. हिशेबाच्या जाळ्यापासून वेगळी अशी एक जोडणी संध्याकाळी त्यांस मोकळी ठेवावी. खर्च थोडा आहे. आपल्या मुलाचा आवाज ऐकण्यासाठी आपण जसे आतुर असतो, तसेच त्यांचे आईबापही असतात, याचा विसर कंत्राटदार ज्ञातिबांधवांस पडू नये, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.